शिकवायला वेळ कुणाला आहे?

डिचोलीच्या आयटीआयमध्ये मी फिटर ट्रेड घेतला तेव्हा आईला ते फारसं पटलं नव्हतं. तिचं म्हणणं, कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड घे, एका वर्षात कॉम्प्युटरवर बसायचं काम मिळेल. बाबा काही बोलले नाहीत. ते खाणीवर मशिनरीच्या शेडमध्ये मेकॅनिक होते. 2012च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या, मधे काही काळ त्या चालल्या, आणि 2018मध्ये 88 लीज रद्द होऊन मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. आमच्या वाड्यावर ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांच्या दारात ट्रक गंजत उभे राहिले. बाबांना मात्र कुणी ना कुणी हाक मारतच असे. कुणाचा कुळागरातला, म्हणजे सुपारीच्या बागेतला, पंप, कुणाचा जनरेटर, कुणाच्या पॉवर टिलरचा गिअरबॉक्स. पैसे कमी यायचे, पण यायचे. फिटर घेण्यामागे माझं गणित एवढंच होतं.

आयटीआयची दोन वर्षं चांगली गेली. सुरुवातीला नुसती कानस. लोखंडाचा चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, घासायचा, ट्रायस्क्वेअर म्हणजे काटकोन बघायची पट्टी लावून उजेडाला धरायचा, आणि खालून उजेडाची फट दिसली की परत घासायचा. तळहाताला घट्टे पडतात आणि मान धरते. पण पुढे दोन तुकडे एकमेकांत बसवायचा जॉब येतो, त्यात आपला तुकडा न अडखळता सरकला की मागचं सगळं विसरायला होतं. आमच्या सरांनी हात धरून शिकवलं, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र आयटीआयच्या शेडमध्ये मशीन बंद पडलं तर कुणाचं उत्पादन थांबत नाही, आणि सुपरवायझर डोक्यावर येऊन उभा राहत नाही. कारखान्यात पाय ठेवल्यावर खरा फरक कळतो तो हा.

आयटीआय झाल्यावर दोन वाटा होत्या. एक कंत्राटदाराची. वेर्णा, कुंडई, बेतोडा, मडकई, सगळीकडच्या औद्योगिक वसाहतींत मेंटेनन्सला माणसं पुरवणारे कंत्राटदार आहेत, आणि ते पहिल्या दिवसापासून स्टायपेंडपेक्षा जास्त देतात. दुसरी वाट अप्रेंटिसशिपची. वर्षभर कमी पैशांत काम, शेवटी परीक्षा आणि नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट. माझ्या बॅचचे निम्म्याहून जास्त मुलगे पहिल्या वाटेने गेले. त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. घरात दोन पैसे लगेच हवे असतात, आणि 'गोव्यातली पोरं हाताला तेल लावून घेत नाहीत' असं भाषण देणाऱ्यांनी एकदा फोंड्यातल्या खोलीचं भाडं विचारून बघावं. मी दुसरी वाट धरली, कारण घरून जाऊन येणं शक्य होतं आणि पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घ्यायचा विचार डोक्यात होता. मयेचं पॉलिटेक्निक आमच्या घरापासून लांब नाही.

आता कागदपत्रांचं सांगते, कारण बहुतेकजण तिथेच अडकतात. केंद्र सरकारचं अप्रेंटिसशिप पोर्टल आहे, त्यावर आधी स्वतःची नोंदणी. आधार, आयटीआयचं सर्टिफिकेट, बँक खातं, फोटो. माझ्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक आणि दहावीच्या मार्कशीटवर दुसरं. गोव्यात हे घरोघरी आहे. एकाच घरातल्या तीन भावंडांची आडनावं तीन तऱ्हेने लिहिलेली सापडतील. पोर्टलला ते खपत नाही. आधी आधार दुरुस्त करून घ्या, मग नोंदणीला बसा. उलट क्रमाने गेलात तर दोनदा सगळं करावं लागतं. दुसरी गोष्ट बँकेची. सरकारचा हिस्सा आपण फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात येईलच असं धरून चालू नये. आधारशी जे खातं सीड केलेलं, म्हणजे जोडलेलं, असतं त्यात तो जातो. माझ्याबरोबरच्या एकाचे पैसे त्याने शाळेत असताना उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात जमा होत राहिले. बँकेत जाऊन 'माझं आधार कुठल्या खात्याला सीड आहे' एवढं विचारलं की काम होतं.

नोंदणी झाली की कंपन्यांच्या जागा दिसतात, अर्ज करायचा, मुलाखत होते, आणि कंपनीने घ्यायचं ठरवलं तर पोर्टलवरच करार तयार होतो. तो आपण वाचून मान्य करायचा. वाचून म्हणते आहे ते मुद्दाम. आमच्या तुकडीत करार उघडून वाचणारी मी एकटीच होते, आणि तेही बाबांनी मागे लागून वाचायला लावला म्हणून.

त्या करारामागे 1961चा अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट आहे. त्याची तारीख मला फार गमतीची वाटते, 12 डिसेंबर 1961. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबरला. म्हणजे कायदा झाला तेव्हा आम्ही अजून पोर्तुगिजांकडे होतो. असो. त्या कायद्याप्रमाणे अप्रेंटिस हा कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. म्हणून कामगार कायदे सहसा त्याला लागू होत नाहीत. कारखान्यातल्या सुरक्षिततेचे नियम मात्र होतात, आणि काम करताना इजा झाली तर भरपाई मिळते. अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरच्या, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याच्या, मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नाही. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, आणि संख्या एकूण माणसांच्या 2.5 ते 15 टक्के, कंत्राटी माणसं धरून. आयटीआय झालेल्याला तेव्हा किमान स्टायपेंड महिना 7000 रुपये होता. त्यातले 25 टक्के, पण 1500च्या वर नाही, केंद्र सरकार नॅप्स या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेतून द्यायचं. ही योजना 2016ची. आधी ते पैसे कंपनीला परत मिळायचे, 2023पासून थेट मुलांच्या खात्यात येऊ लागले. म्हणजे 5500 कंपनीचे आणि 1500 सरकारचे. कंपनीचे महिन्याच्या महिन्याला यायचे. सरकारचे, कंपनीने पोर्टलवर हजेरी भरली की मग. आमच्या एचआरला हजेरी भरायची आठवण आम्हीच करून द्यायचो.

कंपनी कुंडईच्या पठारावरची. साखळीहून माशेल, तिथून बाणस्तारी, मग फोंड्याकडे जाणारी बस पकडून कुंडई, आणि वरचा चढ चालत. कंपनीची बस होती, पण ती कायमस्वरूपी कामगारांसाठी. पावसाळ्यात त्या चढावर छत्रीचा काही उपयोग नसतो.

पहिल्याच दिवशी सेफ्टी शूज मिळायचे होते. स्टोअरमध्ये सहा नंबरच्या खाली माप नव्हतं, मला चार लागतात. ते यायला जो काळ गेला त्या काळात मला शॉप फ्लोअरवर जाता येत नव्हतं, म्हणून मेंटेनन्स ऑफिसात बसून मी वर्क ऑर्डरच्या फायली लावल्या. शूज आल्यावरही फायली काही सुटल्या नाहीत, कारण तोवर 'ती फायली नीट लावते' असं नाव झालं होतं. मुलग्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना शिफ्टच्या फिटरबरोबर पाठवायचे. तिथे टूलबॉक्स उचलायचा, टॉर्च धरायची, कापडाने तेल पुसायचं. ब्रेकडाउन आला की फिटर डोकं खाली घालून काम करणार, अप्रेंटिसने मागून बघायचं. बघून काय दिसणार? पाठ दिसते. प्रश्न विचारला तर, 'मागाहून सांगतो.' मागाहून दुसरा ब्रेकडाउन.

त्या फिटर लोकांना वाईट म्हणायचं नाही मला. बहुतेक सगळे स्वभावाने चांगले होते, डब्यातलं काढून द्यायचे. पण त्यांचा शिफ्टचा प्रत्येक तास कुठल्या ना कुठल्या जॉब नंबरवर लिहिला जायचा. पंप इतके तास, कन्व्हेयर इतके तास. संध्याकाळी मॅनेजर तीच यादी बघायचा. अप्रेंटिसला बेअरिंग कसं ओढायचं ते दाखवण्यात अर्धा तास गेला, तर तो कुठे लिहायचा? त्याला नंबर नव्हता. उलट पंप उशिरा चालू केला म्हणून ऐकून घ्यावं लागायचं. मग कोण शिकवेल?

आम्हाला एक लॉगबुक होतं. रोज काय शिकलो ते लिहायचं आणि सुपरवायझरची सही घ्यायची. प्रत्यक्षात महिनाअखेरीस एचआरमधून फोन यायचा आणि आदल्या बॅचचं लॉगबुक समोर ठेवून सगळे उतरवून काढायचे. त्यात 'गिअरबॉक्स ओव्हरहॉल' असं लिहिलेलं होतं. आमच्यातल्या कुणीही गिअरबॉक्सचं झाकण उघडलेलं पाहिलं नव्हतं. बहुधा आदल्या बॅचनेही नव्हतं. तपासायला कुणी आलं तर कागद पूर्ण होते. कायदा डोकी मोजतो, आणि डोकी भरलेली होती.

मग पावसाळ्यानंतर एक बदल झाला, आणि तो कुणी धोरण म्हणून केलेला नव्हता. बांद्याकडचे एक ज्येष्ठ फिटर होते, निवृत्तीला आलेले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी शिफ्ट आणि शिडी दोन्ही बंद केल्या, म्हणून त्यांना जनरल शिफ्टमध्ये प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सला, म्हणजे मशीन बिघडायच्या आधी करायच्या देखभालीला, टाकलं. प्रिव्हेंटिव्हला घाई नसते, मशीन ठरवून बंद करतात. आणि काकांना खाली वाकता येत नव्हतं, त्यामुळे वाकायला कुणीतरी हवं होतं. त्यांनी ऑफिसच्या दारात उभं राहून माझ्याकडे बोट दाखवलं. 'फायलीवाल्या बायेक धाडा माझ्यावांगडा.' म्हणजे त्या फायलीवाल्या मुलीला माझ्याबरोबर पाठवा.

त्या दिवसापासून पुढचं मला सगळं आठवतं, त्याआधीचं फारसं नाही.

एकच काम सविस्तर सांगते. कूलिंग टॉवरचा पाण्याचा पंप होता. मोटर आणि पंप यांचे शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगमधला स्पायडर, म्हणजे मधला रबरी तुकडा, सारखा फाटायचा. शिफ्टवाले नवा टाकून मोकळे व्हायचे. काकांनी पंप मागून घेतला. आधी पॅनेलवर जाऊन ब्रेकर बंद, त्याला कुलूप आणि टॅग, चावी माझ्या खिशात. 'जिचो हात आत जातलो तिच्या खिशात चावी,' हे त्यांचं वाक्य. मग कपलिंगचा गार्ड काढला. मला वाटलं, आता डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक, लावून दोन्ही तोंडं जुळवायची, आयटीआयमध्ये तसंच शिकलो होतो. काका म्हणाले, 'आदी पाय बघ गो, मगे तोंड.'

मोटर चार पायांवर बसते. चारही बोल्ट आवळलेले असले की ती सरळच दिसते. डायलचा मॅग्नेट बेसप्लेटवर बसवला, टोक एका पायावर टेकवलं, काटा शून्यावर आणला, आणि त्या पायाचा बोल्ट सैल केला. काटा जागचा हलला नाही. बोल्ट आवळून दुसरा पाय. तिथेही काही नाही. तिसऱ्याला बोल्ट सैल करताच काटा सरसर अकरा घरं पुढे गेला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. म्हणजे तो पाय हवेत होता आणि बोल्टने त्याला दाबून खाली बसवलं होतं. त्या दाबाने मोटरची बॉडी पिळली जायची, शाफ्ट तिरका व्हायचा आणि रबर फाटायचं. पाच घरांपर्यंत चालून जातं, अकरा नाही.

त्या पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, घालायची. स्टोअरमध्ये शिमचा पत्रा संपलेला. शिफ्टमधल्या एकाने नेहमीचा उपाय सुचवला, बिअरच्या कॅनचा पत्रा कापा. गोव्यात त्याला तोटा नाही. काकांनी कॅन आणायला लावला, मायक्रोमीटर माझ्या हातात दिला आणि मोजायला सांगितलं. 0.10 मिलिमीटर भरला, एका जागी कमी, एका जागी जास्त. मग म्हणाले, माप जवळपास बरोबर आहे, पण हा अ‍ॅल्युमिनियम मऊ आहे, दाबून जाईल आणि महिन्याने तू परत इथेच बसशील. पंप तसाच ठेवून आम्ही शेजारच्या कंपनीच्या मेंटेनन्समधून स्टेनलेस स्टीलचा पत्रा मागून आणला. त्याची शिम कापून कडा तेलदगडावर घासली, कारण कापताना कडेला उठलेली धार राहिली तर तीच पुन्हा पाय उचलते.

पाय बसल्यावर तोंडं जुळवायला घेतली. डायल कपलिंगच्या कडेवर, दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवायचे, घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी आकडा लिहायचा. वर आणि खाली यांत जो फरक येतो तो जसाच्या तसा शिममध्ये घालायचा नसतो, त्याच्या निम्मा घालायचा. एक शाफ्ट दुसऱ्यापेक्षा जितका वर किंवा खाली असतो, त्याच्या दुप्पट डायल अर्ध्या फेरीत दाखवतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. कळलं त्या दिवशी. त्या सगळ्या कामाला जवळजवळ पूर्ण शिफ्ट लागली. स्पायडर बदलायला अर्धा तास पुरला असता. पण मी तिथे असेपर्यंत त्या पंपाचा स्पायडर पुन्हा फाटला नाही.

डिचोलीत पितळेच्या समया करणारी घरं आहेत. तिथे पोरगं भट्टीजवळ बसूनच शिकतं, हे लहानपणापासून बघत आले. तिथला कारागीर आपल्या वेळेचा धनी असतो, समई दोन दिवस उशिरा झाली तर झाली. कारखान्यातल्या फिटरचा वेळ त्याचा नसतो. तो कंपनीचा असतो, आणि कंपनीने शिकवण्यासाठी त्यातला एकही तास बाजूला काढलेला नव्हता. काकांना वेळ मिळाला तो गुडघ्यामुळे. माझ्याबरोबरच्या मुलग्यांना असा गुडघेवाला मिळाला नाही, त्यांनी वर्षभर टॉर्च धरली. एकच कंपनी, एकच करार, एकच स्टायपेंड.

परीक्षा अखिल भारतीय. थिअरी कॉम्प्युटरवर, आणि प्रॅक्टिकलला जॉब. जॉबमध्ये आयटीआयचा हात कामी आला, कानस विसरत नाही. सर्टिफिकेट मिळालं. कंपनीने आमच्यापैकी कुणालाच ठेवलं नाही, पुढची बॅच आधीच गेटवर आलेली होती. नोकरी मला फोंडा तालुक्यातच दुसऱ्या कंपनीत मिळाली. मुलाखतीत सर्टिफिकेट बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, पंप कंपन करतो, सगळ्यात आधी काय बघशील? मी म्हटलं, पाय. मुलाखत घेणारे हसले आणि पुढचे प्रश्न सोपे झाले.

आता माझ्या हाताखाली एक अप्रेंटिस आहे, वाळपईकडचा मुलगा. पहिल्या आठवड्यात तो टॉर्च घेऊन माझ्या पाठीमागे उभा होता आणि प्रश्न विचारल्यावर माझ्या तोंडून 'मागाहून सांगते' असं निघालं. माझ्याही तासांची यादी संध्याकाळी कुणीतरी बघतंच की.

म्हणून मी मॅनेजरकडे गेले आणि एकच गोष्ट मागितली. शिकवण्याला एक जॉब नंबर द्या. अप्रेंटिसला काम दाखवण्यात जो वेळ जाईल तो मी त्या नंबरवर लिहीन, म्हणजे पंप उशिरा चालू झाला तर कारण कागदावर असेल. त्यांना आधी वाटलं मी पगारवाढ मागायला आले आहे. मग म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये असा कोड नाही. मी म्हटलं, दिवाळीच्या पूजेसाठी लाइन थांबते त्याचा कोड आहे. कोड मिळाला, आठवड्याला दोन तासांचा.

स्टायपेंड वाढावा असं सगळेच म्हणतात, आणि वाढायलाच हवा. सात हजारांत बसभाडं आणि दुपारचं जेवण वजा जाता काय उरतं ते मी जगले आहे. पोर्टल सुधारावं, तपासणी व्हावी, हेही बरोबर. पण स्टायपेंड दुप्पट केला आणि मुलगा टॉर्चच धरून उभा राहिला, तर दुप्पट पैशांत टॉर्च धरेल. तपासायला येणाऱ्याने लॉगबुक बघू नये, मेंटेनन्सची तासांची यादी मागावी आणि त्यात शिकवण्याचे तास किती ते बघावं. नसतील तर त्या कंपनीत कुणी शिकवत नाही, हे दोन मिनिटांत कळेल. आणि निवृत्तीला आलेली जी माणसं आहेत त्यांना शेवटची दोन वर्षं शिफ्टमधून काढून याच कामाला लावावं. प्रत्येक कंपनीत असा एखादा काका असतोच. तो गेला की त्याच्याबरोबर पायाची गोष्टही जाते, आणि मग वर्षानुवर्षं स्पायडर बदलत बसायचं.

आमचा दोन तासांचा कोड शटडाऊनच्या, म्हणजे मशीनं दुरुस्तीसाठी बंद ठेवतात त्या, महिन्यात बंद केला होता, माणसं कमी पडतात म्हणून. मी पुन्हा जाऊन भांडले. शटडाऊनमध्येच तर सगळी मशीनं उघडी असतात, तेव्हा नाही दाखवायचं तर केव्हा? उत्तर मिळालं, बघू. येत्या शटडाऊनला मोठ्या मिक्सरचा गिअरबॉक्स उघडायचा आहे. त्याच्या वर्क ऑर्डरवर मी दोन नावं लिहून दिली आहेत, माझं आणि वाळपईच्या मुलाचं, आणि तासांच्या रकान्यात नेहमीपेक्षा चार जास्त. मॅनेजरची सही अजून झालेली नाही. सोमवारी परत जाणार आहे.